वाचता येते, पण उमगत नाही

घरात कोणाला काही निघाले, की हल्ली सर्वात आधी मोबाइल उघडला जातो. डॉक्टरांकडे जाणे त्यानंतर. यावर नाक मुरडणारे डॉक्टर पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातला नाही. ज्याला आपल्या दुखण्याविषयी जाणून घ्यावेसे वाटते तो रुग्ण औषधेही नीट घेतो आणि सांगितल्या दिवशी परत दाखवायलाही येतो, असा माझा अनुभव आहे. माझी तक्रार वाचणाऱ्याबद्दल नाही. त्याला जे वाचायला मिळते, त्याबद्दल आहे. आणि त्वचेच्या कर्करोगाच्या बाबतीत ही तक्रार जरा जास्तच आहे.

समजा, एखाद्या गृहस्थांच्या पायावरची जखम कित्येक महिने भरत नाही. डॉक्टर तिचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात. आठ-दहा दिवसांनी कागद हाती येतो आणि त्यावर ‘स्क्वेमस सेल कार्सिनोमा’ असे शब्द असतात. दवाखान्यात गर्दी असते. डॉक्टर म्हणतात, ‘‘ऑपरेशन करावे लागेल, घरी बोलून या.’’ रात्री जेवणे झाल्यावर बी.कॉम. झालेला मुलगा तो शब्द मोबाइलवर शोधतो. पहिल्यांदा इंग्रजी पाने उघडतात. त्यात केराटिनोसाइट, डिफरन्सिएशन, पेरिन्युरल इन्व्हेजन असे शब्द. दोन ओळी वाचून तो मराठी मजकूर शोधतो. तिथे त्याला मिळते, ‘अधिचर्मातील शल्काकार पेशींचे दुर्दम अर्बुद’. हे मराठी आहे हे त्याला कळते, बाकी काही कळत नाही. मग तिसरे काहीतरी उघडते. त्यात एक हसरा माणूस घरच्यासारख्या मराठीत सांगत असतो, ‘‘घाबरू नका, चाकू लावू नका, चाकू लावला की हा रोग पसरतो. माझा लेप एकवीस दिवस लावा.’’ यातला शब्द न् शब्द मुलाला समजतो.

तिन्हींपैकी सोपे लिहिणारा, सोपे बोलणारा कोण निघाला, हे बघा. भोंदू माणसाची मराठी नेहमीच सोपी असते, कारण त्याला गिऱ्हाईक हवे असते. खरे सांगणारे मात्र अवघड लिहितात आणि मग रुग्ण उशिरा येतो म्हणून त्याच्यावरच चिडतात. (तुकडा काढल्याने त्वचेचा कर्करोग पसरतो ही समजूत साफ चुकीची आहे. तुकडा तपासल्याशिवाय रोग कोणता आणि ऑपरेशन किती मोठे करायचे हेच ठरत नाही.)

मजकूर किती अवघड आहे हे मोजण्याचे प्रयत्न अमेरिकेत फार पूर्वीपासून झाले. व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेल्या रुडॉल्फ फ्लेश या गृहस्थांनी १९४८ साली एक सूत्र मांडले. वाक्यात सरासरी किती शब्द आहेत आणि शब्दात सरासरी किती उच्चारखंड आहेत, एवढे मोजायचे आणि त्यावरून मजकूर सोपा की अवघड ते ठरवायचे. १९७५ साली अमेरिकन नौदलासाठी त्यात सुधारणा झाली आणि मजकूर शाळेच्या कितवीच्या मुलाला समजेल हे सांगणारे सूत्र तयार झाले. रुग्णांसाठीचा मजकूर सहावीच्या मुलाला समजेल असा असावा, अशी शिफारस अमेरिकन मेडिकल असोसिएशनने केलेली आहे. मेलेनोमा आणि त्वचेच्या इतर कर्करोगांविषयी इंटरनेटवर जे लिहिलेले आहे ते या सूत्रांना लावून अनेकांनी तपासले. निष्कर्ष बहुतेक एकच निघतो. मजकूर सहावीच्या बराच वरचा, हायस्कूलच्या शेवटच्या वर्गांचा असतो. आणि हे इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्यासाठी. आपण तर त्यांच्याही पलीकडे उभे आहोत.

ही सूत्रे मराठीला मात्र जशीच्या तशी लावता येत नाहीत. आपल्या भाषेत प्रत्यय शब्दालाच चिकटतात. ‘हातापायांवरच्यासुद्धा’ हा एकच शब्द मोजला तर केवढा लांब! पण तो तिसरीतले पोरही समजते. उलट ‘ऊती’ हा शब्द दोन अक्षरांचा. सूत्र म्हणेल, सोपा आहे. आठवडी बाजारात उभे राहून दहा जणांना ‘ऊती’ म्हणजे काय ते विचारा. ‘अर्बुद’ तीन अक्षरांचे, ‘दुर्दम’ तीन अक्षरांचे. लांबी मोजून मराठीचा अवघडपणा कळत नाही. तो शब्द घरात बोलला जातो की नाही, हे पाहावे लागते.

शासनाच्या भाषा संचालनालयाने परिभाषा कोश तयार केले, ते काम मोठेच आहे आणि पाठ्यपुस्तकाला त्याचा उपयोगही आहे. पण पाठ्यपुस्तक वेगळे आणि घाबरलेल्या माणसाच्या हातातला कागद वेगळा. आपल्याकडे कातडीच्या प्रत्येक गोष्टीला शब्द आहेत. तीळ, लासे, चामखीळ, मस, चट्टा, वण, खपली, भोवरी, कुरूप, नखुरडे. जखम चिघळते, चरत जाते, तिला लस येते. जांघेत गाठ आली की आजीबाई ‘अवधाण आले’ म्हणत. हे शब्द अशास्त्रीय नाहीत. जांघेतले अवधाण म्हणजे लसीकाग्रंथीची सूजच. फरक इतकाच, की पहिला शब्द ऐकून बाई जांघेला हात लावून बघते आणि दुसरा ऐकून मान डोलावते.

दुसरा मुद्दा मला याहून मोठा वाटतो. समजा भाषा सोपी केली. पण मजकूर कोणाच्या कातडीबद्दल आहे?

इंटरनेटवर त्वचेच्या कर्करोगाविषयी जे आहे, त्यातले बहुतेक गोऱ्या कातडीच्या लोकांसाठी लिहिलेले आहे, आणि ते साहजिक आहे. ऑस्ट्रेलियात हा रोग जगात सर्वात जास्त आढळणाऱ्या देशांइतका आहे. तिथे १९८१ साली एक मोहीम निघाली. एक नाचणारा समुद्रपक्षी टीव्हीवर येऊन सांगायचा की सदरा घाला, क्रीम लावा, टोपी घाला. तीन छोटे शब्द आणि एक चाल. पोराटोरांच्या तोंडी बसले. सोपे कसे सांगावे याचा तो नमुना आहे, आणि तो त्यांच्या देशासाठी अगदी बरोबर आहे, कारण तिथला रोग मुख्यतः उन्हाने होतो. आपल्याकडे कातडीतल्या काळ्या रंगद्रव्यामुळे उन्हापासून बरेच संरक्षण मिळते, आणि त्वचेचा कर्करोग आपल्याकडच्या एकूण कर्करोगांत एक-दोन टक्क्यांच्या आसपासच असतो. पण म्हणून तो होतच नाही असे नाही. होतो तो वेगळ्या जागी होतो.

मेलेनोमा हा तीळ किंवा काळ्या डागासारखा दिसणारा, पसरणारा कर्करोग. तो ओळखण्यासाठी न्यूयॉर्क विद्यापीठातील डॉक्टरांनी १९८५ साली इंग्रजीतील ए, बी, सी, डी या अक्षरांवर एक खूण बसवली. डाग दोन्ही बाजूंनी सारखा नाही, कडा वेड्यावाकड्या आहेत, रंग एकसारखा नाही, व्यास सहा मिलिमीटरपेक्षा जास्त आहे. २००४ मध्ये त्यात ‘ई’ घातले गेले, म्हणजे डाग बदलतो आहे. खूण उत्तम. पण ज्याला इंग्रजी येते त्यालाच ती लक्षात राहणार. मराठी माहितीपत्रकांत ही पाच अक्षरे तशीच ठेवून पुढे मराठी शब्द लिहिलेले मी पाहिले आहेत. ‘ए’ म्हणजे ‘असममिती’! निदान योगायोगाने अक्षर तरी जुळले. पुढे ‘बी’ म्हणजे ‘सीमा’, तिथे तेही गेले.

आणि ही खूण पाठ करून माणूस तपासणार काय? चित्रात दाखवलेले असतात ते पाठीवरचे, दंडावरचे डाग. आपल्याकडे मेलेनोमा झालाच तर बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला, नखाखाली होतो. जिथे ऊन कधी पोचत नाही अशा जागी. जमैकाचा जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ साली हाच रोग सापडला. आधी तो फुटबॉल खेळताना झालेला मार समजला गेला होता. मे १९८१ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी तो गेला. आपल्या शेतात अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या टाचेवर काळा डाग उठला तर तो काय समजेल? काटा मोडला, कुरूप झाले, दगड लागून रक्त साकळले. ‘उन्हापासून जपा, क्रीम लावा’ असे वाचलेला माणूस आपला तळपाय उलटा करून कशाला बघेल?

या संदर्भात आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण आहे. वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील आणि बिहारमधील मधुबनीच्या डॉक्टरांनी २०२४ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन स्त्री-रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. एक सत्तर वर्षांच्या. त्यांच्या कमरेच्या उजव्या बाजूला दीड वर्ष न भरणारी जखम होती, परकराची नाडी जिथे घट्ट बसते तिथे. दुसऱ्या साठीच्या पुढच्या. त्या चाळीस वर्षे लुगडे नेसत, आत परकर न घालता, कमरेशी घट्ट आवळून. त्यांची जखम दोन वर्षांची होती आणि तपासणीत रोग जांघेतल्या गाठीपर्यंत पोचलेला निघाला. दोघींनाही झाला होता तो जुन्या जखमेतून किंवा वणातून उद्भवणारा त्वचेचा कर्करोग. त्याला फ्रेंच सर्जन मार्जोलिन यांच्या नावाने ओळखतात. भाजल्याच्या जुन्या वणावर, वर्षानुवर्षे उघड्या असलेल्या पायाच्या जखमेवर, कुष्ठरोगात बधिर झालेल्या तळव्यावरच्या जुनाट जखमेवरही तो होऊ शकतो.

ही गोष्ट नवी नव्हती. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात काम करणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ साली धोतराच्या घट्ट गाठीमुळे कमरेला होणारा कर्करोग वर्णन केला होता. काश्मीरात फिरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून बसणाऱ्यांच्या पोटावर-मांड्यांवर होणारा कर्करोग तर त्याही आधी, १८६६ साली डॉ. एल्मस्ली यांनी लिहून ठेवला. म्हणजे ज्ञान होते. ते इंग्रजीत होते आणि ग्रंथालयात होते. चाळीस वर्षे लुगडे नेसणाऱ्या बाईंपर्यंत ते पोचवणे हे कोणाचे काम आहे, असे कोणाला वाटलेच नाही.

वर्ध्याची हकिकत प्रसिद्ध झाल्यावर काय झाले? सगळीकडे मथळे झळकले, ‘साडीमुळे कॅन्सर’. आता हे तर सोपे मराठी झाले! वाचायला मुळीच अवघड नाही. पण वाचून काय करायचे? कोट्यवधी बायका रोज साडी नेसतात आणि हा रोग अतिशय विरळा आहे. साडीचा दोष नाही. रोज त्याच जागी, त्याच घट्टपणे नाडी आवळली जाते, घामाने आणि घर्षणाने कातडी सोलवटते, काळी पडते, खाजते, फुटते, आणि ती फुटलेली जागा वर्षानुवर्षे भरू दिली जात नाही, यात धोका आहे. नाडीऐवजी रुंद पट्टा लावा, सैल बांधा, जागा थोडी वर-खाली करा, तिथे जखम झाली तर ती भरेपर्यंत सैल कपडे घाला. मथळ्यापुढे या चार ओळी असत्या तर बाईच्या हाती काही लागले असते. नुसता मथळा वाचून काहींनी चेष्टा केली, काही घाबरल्या, आणि ज्यांच्या कमरेला खरोखरच जखम होती त्यांनी ती पदराखाली आणखी झाकली असेल तर मला नवल वाटणार नाही. कमरेची जखम दाखवायला लाज वाटते, ही गोष्ट कुठल्याच सूत्रात मोजली जात नाही.

सोपे सांगून फरक पडतो का, असा प्रश्न कोणी विचारील. पडतो, आणि त्याचा दाखला सोलापूर जिल्ह्यातच आहे. बार्शीला १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते नुसते आकडे गोळा करीत बसले नाहीत. गावोगाव जाऊन त्यांनी लोकांना भेटून कर्करोगाची लक्षणे समजावून सांगितली, ज्यांना शंका होती त्यांना बार्शीच्या रुग्णालयात यायला लावले. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दिसून आले की त्या भागात गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर सापडू लागला होता. तिथे ना इंटरनेट होते, ना मोबाइल. माणूस समोर बसून त्याच्या भाषेत बोलत होता. तो रोग वेगळा हे खरे, पण कातडीचा रोग तर डोळ्यांना दिसतो! तो तर त्याहून लवकर सापडायला हवा.

मग आजचा मजकूर कसा असावा? उपदेश करणे सोपे असते, म्हणून मी माझ्यापुरते लिहून पाहिले. ते असे:

‘महिन्यातून एकदा, आंघोळीनंतर, उजेडात बसून आपले तळपाय, तळहात, बोटांच्या बेचक्या आणि नखे पाहा. कमरेला नाडी बसते ती जागा पाहा. जुना भाजल्याचा वण असेल तर तो पाहा. स्वतःचा तळपाय दिसत नसेल तर घरातल्या कोणाला पाहायला सांगा. एखादी जखम महिनाभरात भरली नाही, खपली धरून पुन्हा पुन्हा रक्त येऊ लागले, तिच्या कडा जाड आणि कडक झाल्या, किंवा जुन्या वणावर नवी जखम झाली, तर दाखवा. काळा डाग वाढतो आहे, रंग बदलतो आहे, तर दाखवा. एकाच नखावर नवी काळी उभी रेघ आली, ती रुंद होते आहे किंवा तिचा काळेपणा नखाच्या मुळाच्या कातडीवर उतरला आहे, तर दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका. हा रोग सुरुवातीला दुखत नाही. त्वचारोगतज्ज्ञाकडे किंवा सर्जनकडे जा. जिल्हा रुग्णालयातही दाखवता येते.’

यात ‘दुर्दम’ नाही, ‘ऊती’ नाही, आणि माझ्या मते शास्त्राला कुठे धक्काही लागलेला नाही. याच्या जोडीला दोन गोष्टी लिहायलाच हव्यात, नाहीतर लोक उगाच घाबरतील. पायाची न भरणारी प्रत्येक जखम कर्करोगाची नसते. बहुतेक वेळा कारण मधुमेह, रक्तपुरवठा किंवा जंतुसंसर्ग हे असते. नखांवर काळपट रेघा आपल्या रंगाच्या लोकांत अनेकांना असतात, विशेषतः चार-पाच नखांवर असतील तर त्या बहुधा निरुपद्रवी असतात. आणि कोड म्हणजे कर्करोग नव्हे, कोडाचा पुढे कर्करोग होतो हेही खरे नाही. हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला जातो की तो वेगळा लिहायला हवा असे वाटते.

आणखी एक गोष्ट माहितीच्या मजकुरात क्वचितच असते. ती म्हणजे पैसे. मुलगा रात्री मोबाइलवर जे शोधत असतो त्यात अर्धी काळजी खर्चाची असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे आणि योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला कागद दाखवून विचारता येते. ही ओळ नसलेले माहितीपत्रक माझ्या दृष्टीने अपुरे आहे, मग ते कितवीच्या मुलाला समजो. लवकर सापडलेला त्वचेचा कर्करोग बहुतेकदा एका ऑपरेशनने पूर्ण निघतो, आणि लहान असेल तर ती जागा बधिर करूनही ते होते, हेही ठळक लिहावे. ‘कर्करोग’ हा शब्द वाचल्यावर माणूस पुढचे वाचायचे थांबतो, म्हणून ही ओळ वरच असावी.

माहितीपत्रके काढणाऱ्या रुग्णालयांनी आणि संस्थांनी ती छापण्याआधी एक करावे. ती रुग्णालयातल्या मावशींना, रिक्षावाल्या काकांना, दहावीतल्या मुलीला वाचायला द्यावीत. ‘‘समजले का?’’ असे विचारू नये, त्यावर आपल्याकडे सगळे ‘हो’च म्हणतात. ‘‘मावशी, हे वाचून तुम्ही उद्या काय कराल?’’ असे विचारावे. उत्तर आले नाही तर मजकूर नापास, मावशी नव्हे. आम्हा डॉक्टरांनीही रुग्णाला समजावून झाल्यावर हाच प्रश्न विचारायला हवा. दोन मिनिटे जातात, पण रुग्ण सहा महिने वाया घालवत नाही.

रुग्णांनीही संकोच सोडावा. मोबाइलवर वाचलेले डॉक्टरांना दाखवायला हरकत नाही. कोणी रागावले तर रागावू द्या. तपासणीचा कागद हाती आला की त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मराठीत तीन ओळी लिहून मागा. कर्करोग आहे का आणि असल्यास कोणता, तो पूर्ण निघाला आहे का की कडेला शिल्लक आहे, आणि पुन्हा कधी यायचे. डॉक्टरांचे अक्षर लागत नसेल तर ते सांगतील तसे तुमच्या मुलाने लिहून घ्यावे आणि त्यांना वाचून दाखवावे.